चौदा सशांची हृदयं आणि माझी सही

कोपनहेगन,
शुक्रवार, २४ नोव्हेंबर १९६७

तीर्थस्वरूप पेट्रीना आत्या हिला,
रिग्मोरचा ताठ मानेने नमस्कार. (मान ताठ का, ते पुढे येईल. झोपेत अवघडलेली नाही.)

तुझी तब्येत कशी आहे? नवे दात बसले का नीट, की अजून जेवताना काढून एप्रनच्या खिशात ठेवतेस? तुमच्या बेटावर वारा सुटला असेल. खिडक्यांच्या फटीत कागद कोंबलेस का? पाद्रीबाईंशी तुझा अबोला चालू आहे असं मागच्या पत्रात होतं. चालू असेल तर चालूच ठेव, चूक त्यांचीच होती. आपण थोरुप घराण्यातल्या बायका उगाच भांडण उकरून काढत नाही, पण कोणी आणून दारात ठेवलं तर पायरीवरून परतही पाठवत नाही. मी बरी आहे. बरी म्हणजे सोड्याच्या पाण्याने हातांना भेगा पडल्या आहेत, घसा बसलाय, आणि तीन मजली संस्थेत सगळे माझ्याशी काचेच्या भांड्यासारखं जपून बोलताहेत. हे सगळं एकाच आठवड्यातलं.

आता तुझ्या कानावर काहीबाही येईलच. तुमच्या औषधवाल्याचा भाचा इथे वैद्यकी शिकतो, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. तो म्हणेल, रिग्मोर थोरुप एका डॉक्टरच्या अंगावर ओरडली. साफ खोटं. मी ओरडले नाही. मी फक्त तिसऱ्या मजल्यावर नीट ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. म्हणून म्हटलं, त्याच्या आधी आपणच सगळं लिहून कळवावं.

मी इथे एकोणीस वर्षं नेमकं काय करते हे तू दर नाताळला विचारतेस आणि मी दर नाताळला विषय बदलते. यंदा सांगते. आम्ही सशाला भूल देतो (त्याला काही कळत नाही, ते काम मी दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाही), त्याचं हृदय काढतो आणि एका काचेच्या नळीला टांगतो. नळीतून कोमट मीठपाणी सोडतो, त्यात प्राणवायूचे बुडबुडे. मग ते हृदय एकटंच, सशाशिवाय, धडधडत राहतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बसावं लागलं होतं. आता आम्ही दोघं एकमेकांना सकाळचा नमस्कार करतो. तर त्या हृदयाच्या मांसात केसाहून बारीक वाहिन्या असतात, केशवाहिन्या. रक्तात विरघळलेलं जे काही असतं, साखर म्हण, मीठ म्हण, ते या वाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर झिरपतं आणि मांसाला मिळतं. प्रश्न एवढाच, की भिंत किती झिरपू देते? ही भिंत डोळ्याने दिसत नाही. तिची भोकं कोणाला मोजून दाखवता येत नाहीत. मग काय करायचं?

तर तुझ्या शेजारच्या अँडर्सचं कुंपण आठव. समज त्याच्या कुंपणाच्या गल्लीतून एका टोकाने शंभर गाई आणि शंभर कोंबड्या एकदम हाकलल्या. गाईला फटीतून जाता येत नाही. कोंबडीला येतं. दुसऱ्या टोकाला उभं राहून मोजायचं. गाई शंभर आल्या आणि कोंबड्या सत्तरच आल्या, तर तीस कोंबड्या फटींतून शेतात गेल्या. कुंपण किती फटींचं आहे ते कळलं, आणि एकदाही वाकून फट बघावी लागली नाही. आमची गाय म्हणजे निळा रंग चढवलेलं रक्तातलं प्रथिन, थोराड, भिंतीतून जात नाही. आमची कोंबडी म्हणजे साखर, पण किरणोत्सारी, म्हणजे यंत्रापुढे धरली की टकटकते आणि किती आहे ते सांगते. दोन्ही एका सुईत भरून वरून टोचायच्या, आणि खाली हृदयातून गळणारे थेंब दर सेकंदाला नव्या नळीत धरायचे. दर सेकंदाला! पहिल्या दहा-बारा सेकंदांतच खरी गोष्ट कळते, कारण पुढे शेतात गेलेल्या कोंबड्या परत गल्लीत यायला लागतात आणि हिशोबाचा विचका होतो. तीस नळ्यांची चकती आमच्या संस्थेच्या कारखान्यातल्या मिस्त्री व्हिलाड्सने मला पियानोशिक्षकांकडच्या टिकटिक यंत्राच्या तालावर फिरवायला करून दिली आहे. टिक म्हटलं की एक नळी. एकोणीस वर्षांत माझा ताल चुकलेला नाही. (एकदा चुकला. त्याबद्दल पुढे. त्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही.)

तर ऑगस्टमध्ये डॉक्टर प्रेबेन उल्डाल अमेरिकेतून परत आले. वय चौतीस, केस कंगव्याला धरता येणार नाहीत इतके बारीक, आणि पहिल्याच सकाळी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय रिग्मोर, कशी आहेस तू?" आत्या, या इमारतीत प्रोफेसर हेल्वेग स्वतः एकोणीस वर्षं मला 'थोरुपबाई' आणि 'तुम्ही' म्हणताहेत. मी वळून मागे बघितलं, की माझ्या मागे कोणी लहान मुलगी उभी आहे का. तिकडे अमेरिकेत म्हणे सगळे सगळ्यांना अरे-तुरे करतात. करोत. तिकडे त्यांना हवं ते करोत.

येताना त्यांनी एक यंत्र आणलं होतं. नळ्या आपोआप फिरवणारं, चकचकीत, लाल दिव्याचं. "आता तुझ्या हातांना सुट्टी, रिग्मोर," म्हणाले. सगळे बघायला जमले. व्हिलाड्स मागून एवढंच म्हणाला की डॉक्टर, तिकडची वीज आणि इकडची वीज एक नसते, इकडची दुप्पट जोराची असते. डॉक्टर म्हणाले, "अरे, हे सगळं आपोआप जुळवून घेतं." आणि बटण दाबलं. यंत्राने आपोआप जुळवून घेतलं म्हणजे काय केलं, तर आधी गुरगुरलं, मग तीन नळ्या भिंतीवर फेकल्या, आणि मग त्यातून असा धूर निघाला की वरच्या मजल्यावरचे विद्यार्थी हातात बरण्या घेऊन जिन्याने खाली पळत आले. मी हसले नाही. मी खिडकी उघडली. पण खिडकी उघडताना माझी पाठ हलत होती असं डॉक्टरांचं म्हणणं, आणि तिथून आमचं बिनसलं.

सप्टेंबरपासून काम वाटून घेतलं. सकाळची हृदयं माझी, दुपारची त्यांची. मी साडेसातला येते, आठला ससा, सव्वाआठला हृदय टांगलेलं, साडेआठला मोजणी. चौदा हृदयं मी मोजली. शंभरातल्या किती कोंबड्या निसटल्या? अठ्ठावीस, एकतीस, तीस, तेहेतीस, असंच, तिशीच्या आगेमागे. डॉक्टरांनी सहा मोजली. अठ्ठावन्न, बासष्ट, साठ! दुप्पट! आता सशांची हृदयं काय सकाळी वेगळी आणि दुपारी वेगळी असतात? डॉक्टरांनी क्षणभरही विचार केला नाही. त्यांच्या मनात एक कल्पना अमेरिकेतच पक्की झाली होती, की हृदयाच्या केशवाहिन्यांच्या भिंतीत सगळे समजतात त्याहून खूप मोठ्या फटी आहेत. आणि डिसेंबरात स्टॉकहोमला ते हेच सांगायला उभे राहणार होते. त्यांना साठ हवे होते, साठ मिळाले. मग तीस कोणाचे? थोरुपबाईंच्या म्हाताऱ्या हातांचे. (माझं वय सत्तेचाळीस. तुझ्या सुईणीच्या हातांनी साठाव्या वर्षी जुळी काढली होती!)

गेल्या शुक्रवारी त्यांनी मला खोलीत बोलावलं. नोंदवही उघडी होती. माझ्या चौदाही पानांवर लाल रेघ मारलेली, आणि शेवटी टाइप करून चिकटवलेला एक कागद: 'वरील चौदा प्रयोग साहाय्यिकेच्या हाताळणीतील दोषामुळे बाद.' खाली माझ्या सहीसाठी ठिपक्यांची रेघ. आणि गंमत बघ, त्या दिवशी मी एकदम 'तुम्ही' झाले होते.

"थोरुपबाई, आपण इथे सही करा. नुसता उपचार आहे."

"दोष कुठला, डॉक्टर?"

"आता ते कसं सांगणार? नळी अर्धा सेकंद उशिरा लावली, रंग कमी-जास्त झाला. माणसाच्या हाताने होतंच."

"चौदा वेळा? आणि चौदाही वेळा एकाच बाजूला?"

"म्हणजे सवयीचा दोष. तो तर आणखी वाईट."

"मग सवयीने चुकणारीची सही तरी कशाला हवी? तीही चुकेल."

त्यांचे कान लाल झाले. म्हणाले, हा कागद सहीशिवाय प्रोफेसरांकडे गेला तर तुम्हालाच जड जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या, मी जड वस्तू उचलत आलेय. मग मात्र त्यांनी आवाज चढवला, आणि माझाही आवाज कुठे खाली बसलेला असतो! तिसऱ्या मजल्याचा तो प्रसंग इथलाच. मी म्हणाले ते शब्दशः असे: "मी माझ्या हाताने मोजलेलं खोटं आहे असं माझ्याच हाताने लिहिणार नाही. बाकी हवं तर मला गच्चीवरून खाली लोटा." यात ओरडणं कुठे आहे? तूच सांग.

गच्चीवरून लोटलं नाही. सोमवारपासून तळघरात काच धुवायला पाठवलं. प्रोफेसर बर्गेनला गेले होते, गुरुवारी येणार, तोवर विभाग उल्डाल यांच्या ताब्यात. आत्या, एकोणीस वर्षांपूर्वी मी तिथूनच सुरुवात केली होती, त्याच टाकीपासून. सोडा, गरम पाणी, ब्रश. सोमवारी मी अभिमानाने धुतलं. मंगळवारी रागाने धुतलं. मंगळवारी दुपारी कशाने धुतलं ते मला सांगायचं नाही. बुधवारी मात्र धुता धुता डोकं चालायला लागलं.

झालं असं, की वरून आलेल्या भांड्यांत डॉक्टरांची वजनाची बशी होती. प्रयोग संपला की हृदय काढून त्या बशीत तोलतात, आणि बशीला चिकटलेल्या कागदावर आकडा लिहितात. त्यांच्या सहाव्या हृदयाचा आकडा होता साडेअकरा ग्रॅम. मी ब्रश हातात घेऊन तशीच उभी राहिले. माझं एकही हृदय आठाच्या वर गेलेलं नाही. ससे तर त्याच शेतकऱ्याकडचे, त्याच वयाचे! साडेअकरा ग्रॅमचं हृदय घेऊन फिरणारा ससा आमच्या दारात कधीच आलेला नाही. मग उरलेलं वजन कसलं? मी लहानपणी तुझ्याबरोबर बाळंतिणी बघायला फिरायचे, तेव्हा तू बायकांच्या घोट्यावर अंगठा दाबून मला खळगा दाखवायचीस ना, की बघ, हे पाणी आहे, ही चरबी नाही? तो खळगा मला त्या बशीत दिसला. पाणी! डॉक्टरांची हृदयं सुजलेली होती.

ओल्या हातांनी मी वर गेले (तळघर सोडायची परवानगी नव्हती, म्हणून मागच्या जिन्याने गेले) आणि नोंदवही काढली. वेळा बघितल्या. डॉक्टर हृदय टांगतात सव्वाअकराला. साडेअकराला जेवायला जातात. आणि त्यांचं जेवण तू बघायला हवंस. आमच्यासारखं काळ्या पावावर दोन हेरिंग मासे आणि कॉफी, असं नाही. तीन पाव, वर डुकराचं भाजलेलं मांस, बीट, मग चीज, मग बियर, मग अमेरिकेच्या गोष्टी. परत येतात दीडला. मोजणी सुरू होते दोनला. म्हणजे पावणेतीन तास ते बिचारं हृदय नुसत्या मीठपाण्यावर लटकतंय! मीठपाण्यात प्रथिन नसतं. अंगातल्या रक्तात असतं, ते पाण्याला वाहिनीत धरून ठेवतं. इथे धरायला कोणी नाही, म्हणून पाणी भिंतीतून मांसात उतरत राहतं, मांस फुगतं, भिंत ताणते, फटी सैल पडतात. साठ कोंबड्या निसटतील नाही तर काय? अमेरिकेतला सिद्धान्त, स्टॉकहोमचं भाषण, माझ्या चौदा पानांवरच्या लाल रेघा, हे सगळं डॉक्टरांच्या डुकराच्या मांसावर उभं होतं.

काल प्रोफेसर आले. त्यांचं सामान खाली ठेवायच्या आत मी त्यांच्या दारात, एप्रन ओला, हातात बशी. ते म्हणाले, "थोरुपबाई, तुम्ही बशी घेऊन का उभ्या आहात?" मी सांगितलं. त्यांनी पाइप पेटवला, विझला, पुन्हा पेटवला. त्यांची एक सवय आहे, कोणाची बाजू घ्यायची नसली की ते पाइपशी खेळतात. शेवटी म्हणाले, "उद्या शुक्रवार. कॉफीच्या आधी सगळ्यांसमोर करू. एकच हृदय. सकाळी तुम्ही मोजा, दुपारी उल्डाल मोजतील."

म्हणजे आज, आत्या. आज सकाळी आठला खोलीत चौदा माणसं. मी मोजली, कारण मला वाटलं प्रत्येक पानासाठी एक आलाय. ससा हातात घेतला, नेहमीसारखी भूल दिली. सव्वाआठला हृदय टांगलं, साडेआठला टोचलं, टिक, टिक, टिक, तीस नळ्या. यंत्राने मोजायला तासभर घेतला. एकतीस. सव्वाअकरापर्यंत मी मीठपाण्यात प्रथिन घालून ते हृदय सुजू दिलं नाही, मग डॉक्टरांच्या रोजच्यासारखं नुसतं मीठपाणी सोडलं. डॉक्टर भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभे. मग प्रोफेसर म्हणाले, "उल्डाल, आता तुम्ही रोज करता तसंच करा."

"म्हणजे काय करू?"

"जेवायला जा," मी म्हटलं.

कोणीतरी फिसकन हसलं. डॉक्टर म्हणाले मला भूक नाही. प्रोफेसर म्हणाले, नाही कशी, प्रयोग आहे, प्रयोगात भूक असावीच लागते. तेव्हा शेजारच्या खोलीत सगळे बसले, डॉक्टर मध्ये, आणि त्यांच्यापुढे त्यांचंच रोजचं ताट, तीन पाव, मांस, बीट. बिचारे एकेक घास असा चावत होते जसा काही प्रत्येक घासाबरोबर पलीकडच्या खोलीत काहीतरी फुगतंय. आणि फुगतच होतं! मी दर अर्ध्या तासाने दार उघडून बघत होते. साडेअकराला गुलाबी. साडेबाराला फिकट आणि चकचकीत. दीडला तर ओलं, गुबगुबीत, तरी बिचारं धडधडत होतं. खरं सांगते, तेव्हा मला त्या सशाच्या हृदयाची दया आली आणि थोडी, अगदी थोडी, डॉक्टरांचीही.

दोनला त्यांनी स्वतः टोचलं, स्वतः नळ्या धरल्या. चकती मी फिरवू का विचारलं, नको म्हणाले. बरोबर केलं, नाहीतर पुन्हा माझ्या हातांवर आलं असतं. हात त्यांचेही चांगले आहेत, हे मी आज पहिल्यांदा नीट पाहिलं. आकडा आला सत्तावन्न. त्याच हृदयातून, त्याच दिवशी, त्याच सुईने! बशीत ठेवलं, अकरा ग्रॅमला थोडं कमी. प्रोफेसरांनी अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

मग प्रोफेसर माझ्याकडे वळले. "म्हणजे तुमचे चौदाही बरोबर होते."

आत्या, इथे मी गप्प बसले असते तर कोणाला कळलं असतं? औषधवाल्याच्या भाच्यालाही नाही. पण मी म्हटलं, "नाही. तेरा."

प्रोफेसरांनी पाइप तोंडातून काढला.

"नववा माझाच चुकला आहे. मध्येच शिंक आली, ताल चुकला, बारावी आणि तेरावी नळी चकतीतून निसटली, आणि कुठली बारावी, कुठली तेरावी ते मी अंदाजाने लावलं. तेव्हाच पान फाडायला हवं होतं. नाही फाडलं." मी नोंदवही मागितली, नवव्या पानावर डॉक्टरांची लाल रेघ होतीच, तिच्याखाली लिहिलं 'हे बाद, चूक माझी', आणि झोकात सही केली. म्हटलं, "ही घ्या सही. सहीला माझी ना नव्हतीच. ती चौदा ठिकाणी करायला ना होती."

डॉक्टर उल्डाल बशीवर वाकून स्वतः खळगा बघत होते. मग म्हणाले, "आणि मी स्टॉकहोमला काय सांगू?" त्यांचा आवाज एकदम तरुण झाला होता. मला वाटलं होतं या क्षणी मला फार आनंद होईल. झाला, पण वाटला होता तेवढा नाही. म्हटलं, "जे झालं ते सांगा. सुजलेलं हृदय दुप्पट झिरपू देतं, हेही कोणाला तरी माहीत असायला हवं. रुग्णांची हृदयंही सुजतातच की." त्यांनी मान वर केली. म्हणाले, "हे खरंय." आणि खिशातून कागद काढून लिहायलाच लागले. इतक्या पटकन माणसाला दुसरी कल्पना कशी सुचते कोण जाणे! मी डोळ्यांदेखत पाहिलं, की हा मनुष्य हरला होता आणि पाच मिनिटांत पुन्हा उभा. आवडला नाही मला, पण हे आवडलं.

मग मी माझ्या अटी सांगितल्या. सोमवारी प्रयोग आठला, दोघांचेही. जेवणाचा डबा खोलीबाहेर. आणि जो लेख छापून येईल, त्यावर माझं नाव. प्रोफेसर म्हणाले, "थोरुपबाई, साहाय्यिकांचे आभार आपण शेवटी मानतोच, बारीक अक्षरात." मी म्हटलं, "दोष माझ्या नावावर मोठ्या अक्षरात टाइप होऊ शकतो, तर बरोबर आलेलं बारीक अक्षरात का?" ते पाइप पेटवायला लागले. विझला. पुन्हा पेटवला. मी तिथेच उभी. मला तळघरात परत जायची घाई नव्हती. अखेर त्यांनी विचारलं, "थोरुप हे नाव लिहिताना शेवटी एक प की दोन?" मी म्हटलं, एक पुरे. आणि डॉक्टर उल्डाल म्हणाले, "उल्डाल आणि थोरुप." मी म्हटलं, "क्रमाचं सोमवारी बोलू."

कॉफीबरोबर क्रिंगल होती, म्हणजे बदाम पेरलेली गोड वेटोळी. मला पहिला तुकडा मिळाला. मी दोन खाल्ले.

असो. पत्र लांबलं. तू मला लहानपणी म्हणायचीस की रिग्मोर, तुझ्या नाकात तुझ्या उंचीपेक्षा जास्त राग आहे. आता मोजून बघ. घरातल्या सगळ्यांना माझा लोभ कळव, पाद्रीबाई सोडून. मी इथेच आहे, इथेच राहणार, आणि इथून मला कोणीही, उल्डाल असो की राजा, हलवू शकणार नाही.

तुझी
रिग्मोर

ता. क. हे पत्र औषधवाल्याच्या दुकानात मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही. तिथपर्यंतच. पुढचं तू एकटी वाच.

ता. क. दुसरा. आत्या, पत्र आज रात्रीच्या डाकेने टाकते, उद्या सकाळी मिळेल; एक काम आहे आणि ते उद्याच्या उद्या व्हायला हवं. सप्टेंबरात तू दूधसंघाच्या मॅनेजरांना सांगून माझ्यासाठी दुधातली चरबी मोजायची नोकरी काढून ठेवली होतीस, आठवतं? मी तुला फणकाऱ्याने 'नको' लिहिलं होतं. तर मंगळवारी दुपारी, टाकीपाशी, मी कशाने भांडी धुतली ते वर सांगितलं नाही, ते आता सांगते. रडत रडत धुतली. आणि तिथेच डब्यावर कागद ठेवून मॅनेजरांना लिहिलं, की नोकरी मान्य आहे, एक जानेवारीला हजर होते, आणि पत्र लगेच पेटीत टाकलं. (दुसऱ्या दिवशी ती बशी हातात आली. एक दिवस आधी आली असती तर काय बिघडलं असतं?) मॅनेजर यंत्रं बघायला हॉलंडला गेलेत, सोमवारी परत येणार, म्हणजे पत्र त्यांच्या टेबलावर न फोडलेलं पडलं असणार. पाकीट निळं आहे. कचेरीतल्या बाईंना काहीतरी सांगून ते परत घे. काय सांगायचं ते तुला मी शिकवायला नको.

ता. क. तिसरा. पाकीट तिथे फोडू नकोस. घरी आणूनही फोडू नकोस, सरळ चुलीत घाल. पण त्या बाईंनी फोडून वाचलं असेल, तर तुला आधीच सांगून ठेवते. कोपनहेगन सोडायला काहीतरी सभ्य कारण द्यावं लागलं. मी लिहिलंय की माझी वृद्ध आत्या आता अंथरुणाला खिळली आहे, तिला नीट दिसत नाही, माणसं ओळखता येत नाहीत, आणि तिला सांभाळायला माझ्याशिवाय कोणी नाही. तेव्हा उद्या कचेरीत जाताना सायकलवरून जाऊ नकोस, काठी घे, कोणाचा तरी हात धर, आणि त्या बाईंना ओळखू नकोस.